पलीकडून आक्षेप

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे गोपनीय कागद मी पहिल्यांदा पाहिले ते कांद्याच्या जाळीत. विंचूरच्या मार्केटात कांदा भरून ट्रकवर चढवतात ना, ती लाल जाळी. सरांचे धाकटे भाऊ विंचूरला कांद्याचे व्यापारी होते. दिवाळीला भाऊ काय घेऊन येतो याची लोक वाट बघतात, तशी सर कोऱ्या जाळ्यांची वाट बघायचे. कपाटात ठेवलेल्या कागदाला कुबट वास लागतो, जाळीत हवा खेळती राहते, असं त्यांचं शास्त्र होतं. बैठकीच्या खोलीत भिंतभर खिळे ठोकलेले आणि खिळ्याखिळ्याला वॉशिंग्टन टांगलेलं. घरात पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, भाव चढेल या आशेनं सरांनी माल धरून ठेवलाय.

कागद खरे होते, म्हणजे खऱ्याच्या छापील प्रती. त्या राष्ट्राध्यक्षांच्या दफ्तरातली टिपणं, तारा, बैठकांचे वृत्तांत तिकडच्या लोकांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले होते. सरांना त्यातला एकच विषय हवा असे. अमेरिकेच्या अगदी दाराशी क्युबा नावाचं एक छोटं बेट आहे. ते कम्युनिस्ट झालं, आणि एवढ्या मोठ्या घराला प्रश्न पडला की या शेजाऱ्याचं आता करायचं काय? सर इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक झाले. ते कागद मराठीत आणायचे आणि रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या आपल्या घराच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायचे. ऐकायला आम्ही मूठभर माणसं. राष्ट्राध्यक्षांचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. "कागद खुर्चीचे आहेत, माणसाचे नाहीत," असं म्हणायचे. म्हणून मीही घेत नाही.

मी तेव्हा एम.ए. करत होते. देवळाली कॅम्पहून बस पकडून यायचे. वडील तोफखान्यात हवालदार, हे कळल्यावर सरांनी माझं नाव 'तोफखाना' ठेवलं ते कायमचंच. "तोफखाना आला, आता सुरू करू," असं म्हणून चष्मा पुसायचे. चष्मा ते धोतराच्या टोकाला पुसत, आणि धोतर फक्त रविवारीच नेसत. एरवी पँट. "परदेशी सरकारच्या दफ्तरात जायचं तर आपल्या पोशाखात जावं," हे त्यावरचं उत्तर.

वाचनाचे नियम म्हणजे एकेक नमुनाच. या कागदांवर जागोजागी काळ्या पट्ट्या असतात. जे अजूनही सांगायचं नाही ते सरकारनं काळं करून टाकलेलं. तशी पट्टी आली की सर गप्प बसायचे. पट्टी लहान असेल तर लहान गप्प, लांब असेल तर लांब. एखादं पान पूर्णच काळं निघालं की ओट्यावर आम्ही सगळे मौनव्रत घेतल्यासारखे बसून राहायचो. रस्त्यानं जाणाऱ्या बायका हळूच विचारायच्या, "कोण गेलं हो?"

"पट्टीखाली काय असेल सर?" असं मी एकदा विचारलं.

"तोंड मिटलेल्या माणसाच्या तोंडात आपण शब्द घालायचे नाहीत," ते म्हणाले. "तो गप्प आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. तेवढंच वाचायचं."

दुसरा नियम त्याहून कडक होता. जो कागद ज्या तारखेचा, त्या तारखेला उभं राहून ऐकायचं. पुढचं बोलायचं नाही. पहिल्याच रविवारी मी शहाणपणा केला. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार बेटावर बॉम्ब टाकावेत की थांबावं यावर वाद घालत होते आणि मी मध्येच म्हणाले, "पण सर, नंतर युद्ध झालंच नाही ना!" सरांनी कागद खाली ठेवला, फाटकाकडे बोट केलं. मला वाटलं, हाकललंच. पण शिक्षा वेगळी होती. फाटकाबाहेर जायचं, कडी लावायची, आणि पुन्हा आत यायचं. "आत येताना काहीही माहीत नसलेली ये," सर म्हणाले. माझ्यानंतर आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनाही तसंच जावं लागलं. ते फार मान खाली घालून गेले.

आणि सरांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची असायची. वेताची, स्वच्छ पुसलेली. तिच्यावर कुणी बसायचं नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. ती बेटाची खुर्ची. "आपल्याकडे आहेत ते सगळे कागद मोठ्या घरचे," सर सांगायचे. "लहान घरानं काय म्हटलं ते यात नाही. ते नाही, हे विसरू नये म्हणून खुर्ची."

वडील एकदा मला न्यायला आले आणि वाचन संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. सैन्यातला माणूस, बोलणं मोजकंच. खुर्चीचा खुलासा ऐकून म्हणाले, "आमच्यात बी तसंच असतंय सर. तोफ इथं, पण पुढं टेकडीवर एक माणूस बसवावा लागतो. पलीकडं काय हाय ते बघून सांगणारा. तो नसंल तर तोफ कितीबी मोठी असू द्या, आंधळीच."

सर उठले आणि त्यांनी वडिलांना चक्क सलाम ठोकला. धोतरात ठोकलेला तो सलाम आठवून वडील आजही हसतात.

आता शेजारच्या डॉक्टरांकडे यायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सर म्हणजे अर्धेच सर.

सरांच्या आणि डॉक्टरांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत. डॉक्टर होमिओपॅथीचे, आणि पक्के कम्युनिस्ट. मूळचे सटाण्याकडचे, पण आयुष्यभर पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवर दवाखाना चालवलेला. मोर्चा कुठलाही असो, लाल झेंड्यामागे गोळ्यांची पेटी घेऊन डॉक्टर असणारच. एरवी शुद्ध बोलायचे, पण राग आला की तोंडातून आईची अहिराणी निघायची. रविवारी सकाळी ते आपल्या अंगणात भिंतीकडे पाठ करून पेपर वाचत बसत. पान मात्र उलटायचं नाही, कारण कान सगळा भिंतीला. राष्ट्राध्यक्षांच्या एखाद्या सल्लागारानं बेटाबद्दल काही टोचून लिहिलेलं सरांनी वाचलं की भिंतीपलीकडून गर्जना यायची:

"खोटं शे!"

सर थांबायचे. आमच्यातल्या एकाला म्हणायचे, "नोंद करा. पलीकडून आक्षेप." नोंद झाली की पुढे वाचायचे. भिंतीकडे कधी बघायचे नाहीत. कारण दोघांचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद होतं, दळणवळण बंद नव्हतं. हे सगळं राज्य काकू चालवायच्या, म्हणजे सरांच्या पत्नी. सरांच्या अंगणातला कढीपत्ता भिंतीवरून तिकडे जायचा आणि तिकडून डॉक्टरांच्या बायकोच्या हातची कुरडई यायची. सरांचा गुडघा दुखायला लागला की साबुदाण्यासारख्या गोळ्यांची पुडी यायची. त्या कुठून आल्या हे सर विचारायचे नाहीत आणि काकू सांगायच्या नाहीत. एकदा सर कागदात वाचत होते, की राष्ट्राध्यक्ष जाहीर भाषणात बेटाला दम देत होते, आणि त्याच सुमारास एका पत्रकाराच्या हाती हळूच बोलणी करण्याचा निरोप धाडत होते. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्याकडे रोज चाललंय." आम्ही हसलो. सर हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले.

भांडणाचं कारण मला काकूंनीच सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. मागे एकदा पेठ-सुरगाण्याकडची माणसं आपल्या जमिनीच्या मागण्या घेऊन मुंबईला पायी निघाली होती. डॉक्टर त्यांच्याबरोबर चालत गेले, फोडांना मलम लावत. मोर्चा पोचला, सरकारनं लेखी आश्वासन दिलं, माणसं परतली. मग सरांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. भाषा गोड, पण सूर असा की एवढ्या पायपिटीनंतर हाती कागदच येणार हे आधीच समजायला हवं होतं.

"लेख आला त्या सकाळी डॉक्टर फाटकात उभे," काकू म्हणाल्या. "पायाला अजून पट्ट्या. आत नाही आले. म्हणाले, निघाले त्या दिवशी कुणाला माहीत होतं काय मिळणार? तुम्ही पोचल्यावरचा निकाल वाचलात आणि निघालेल्यांना नापास केलंत. बस, तेव्हापासून बंद."

"आणि सर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. महिनाभर जेवले नाहीत नीट. मग ही तारखेची भानगड सुरू केली. पुढचं बोलायचं नाही म्हणे."

 मग मलाच राग आला. एवढं कळलंय तर भिंतीशी जाऊन दोन शब्द बोलायला काय होतं? पण सरांचं नाही म्हणजे नाही. कुणाची माफी मागायची तर ती ज्यांच्यासमोर चूक केली त्यांच्यासमोर मागावी, असं त्यांचं म्हणणं होतं. लेख गावानं वाचला होता, तेव्हा गावासमोर. आणि गाव समोर बसतो अशी त्यांच्या मते एकच जागा होती.

ती जागा म्हणजे आमच्या भागातल्या एका जुन्या मंडळाची व्याख्यानमाला. उन्हाळ्यात मैदानात मांडव पडतो, लोक जेवून चटया घेऊन येतात. सर शाळेत असताना विंचूरहून नाशकाला शिकायला आले, तेव्हापासून त्या चटईवर बसलेले. तिथे एकदा उभं राहून बोलायचं, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. वाणी अगदी सपक म्हणून कुणी बोलावलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र मंडळाचे कार्यवाह घरी आले. अमेरिकेचे गोपनीय कागद ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. विषयाचं नावही ठरवून आणलं होतं: राष्ट्राध्यक्षाची काळी गुपितं.

"गुपितं माझ्याकडे नाहीत," सर म्हणाले. "उघड झालंय तेवढंच आहे. आणि मंचावर दोन खुर्च्या लागतील. दुसरी माझ्या शेजाऱ्यांची. ते आक्षेप घेतील."

कार्यवाह हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. नाही हे कळल्यावर म्हणाले, "सर, आपल्याकडे एकाच वक्त्याची प्रथा आहे."

"मग दुसरा वक्ता बघा."

मी तिथेच उभी होते.  जन्मभर वाट बघितलेलं दार उघडलं आणि हा माणूस स्वतःच कडी लावतोय! काकूंनी चहा पुढे केला आणि तोडगाही. विषयाचं नाव सर ठरवतील, खुर्ची ठेवता येईल, पण शेजारी आले नाहीत तर ती उचलायची. कार्यवाहांनी मान डोलावली. सरांनी कशीबशी.

डॉक्टरांना विचारायला अर्थातच मला पाठवलं. ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. कम्युनिस्टाच्या घरची तुळस. बायकोची आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

"सांग तुझ्या सरांना," ते म्हणाले, "मी कुणाच्या मंचावरची शोभेची खुर्ची नाही. इतकी वर्षं फाटक ओलांडलं नाही त्यांनी. आता मांडवात बोलावतायत?"

"डॉक्टरकाका, त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे ती."

"मोठीच आहे. चांगलं बोला म्हणावं." आणि मग पाठ फिरवून, "गुडघ्याला गोळ्या चालू आहेत का त्यांच्या?"

मी परत येऊन निरोप सांगितला. सरांनी एक जाळी खिळ्यावर नीट टांगली. "ठीक आहे," म्हणाले. "खुर्ची मी धरून ठेवीन."

व्याख्यानाच्या संध्याकाळी मांडव भरला होता. वडील रजा टाकून आले होते, आम्ही पुढेच बसलो. सर धोतरात, हातात लाल जाळी. लोकांत खसखस पिकली. मंचावर दोन खुर्च्या होत्या आणि सुरुवातीलाच घोटाळा झाला. कुणी एक पाहुणे उशिरा आले आणि कार्यवाहांनी त्यांना नमस्कार करत सरळ त्या रिकाम्या खुर्चीकडे नेलं. पाहुणे बसणार, एवढ्यात सरांनी खुर्चीवर हात ठेवला.

"इथे नाही बसायचं. क्षमा करा. ही धरलेली आहे."

पाहुणे अर्धे वाकलेले तसेच राहिले. कार्यवाह लालबुंद. शेवटी पाहुण्यांना खालच्या सोफ्यावर नेलं आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. 

सरांनी वाचायला सुरुवात केली. तीच सपक वाणी, पण हळूहळू लोक ऐकायला लागले. एवढा बलाढ्य देश, एवढंसं बेट, आणि खोलीत बसलेली घाबरलेली माणसं. उद्या काय होणार ते कुणालाच माहीत नाही. मग काळी पट्टी आली. सर थांबले. पट्टी लांब असणार. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. माइकवाला धावत आला, त्यानं माइकवर टकटक केलं, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" केलं. सर त्याच्याकडे बघून गोड हसले, पण बोलले नाहीत. पट्टी संपल्यावरच पुढचं वाक्य वाचलं. मग चष्मा काढून त्यांनी कागद खाली ठेवला.

"मी माझ्या घरी एक नियम पाळतो," ते म्हणाले. "ज्या दिवसाचा कागद, त्या दिवशी उभं राहायचं. पुढचं माहीत असल्याचा तोरा मिरवायचा नाही. लोक त्याला माझा नियम म्हणतात. तो माझा नाही. माझ्या शेजाऱ्यांचा आहे. डोंगरातली माणसं पायी मुंबईला गेली, तेव्हा मी एक लेख लिहिला. तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. पोचल्यावरचा निकाल बघून मी निघालेल्यांना नापास केलं. ते चालत होते आणि मी घरी खुर्चीत बसून होतो. शेजाऱ्यांनी मला ते सांगितलं आणि ते खरं होतं. तो लेख चुकीचा होता. हे मला याच मांडवात सांगायचं होतं."

 तेवढ्यात मागून, चपलांच्या ढिगाच्याही मागून, आवाज आला:

"खोटं शे!"

सगळी मुंडकी मागे फिरली. डॉक्टर खांबाला धरून उभे होते. घरच्याच कपड्यांत, खांद्यावर टॉवेल. कार्यवाह धावले, त्यांना आवरायला. सरांनी माइकमध्ये सांगितलं, "त्यांना बोलू द्या. त्यांची खुर्ची आहे."

"अर्धवट सांगतायत हे!" डॉक्टर ओरडले. राग होता, पण आवाज फुटत होता. "घरी बसले होते म्हणे! मोर्चा पेठ रोडनं नाशकात शिरला, तेव्हा हा माणूस रस्त्याच्या कडेला कळशी घेऊन उभा होता. भर उन्हात. येईल त्याला पाणी देत होता. ते का नाही सांगत?"

सर गोंधळले. खरंच गोंधळले. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. "त्याची... त्याची कुठे नोंद नाही," ते म्हणाले.

"नोंद नसली म्हणून काय झालं? मी बघितलंय ना! मीच प्यालो तुमच्या हातून!" डॉक्टरांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "म्हणून तर तो लेख इतका झोंबला मास्तर. परक्यानं लिहिला असता तर मी पेपर रद्दीत टाकला असता."

सर काही वेळ नुसते उभे राहिले. यावेळी माइकवाला आला नाही. मग सर पुढे वाकले आणि त्यांच्या नेहमीच्या सपक आवाजात म्हणाले, "नोंद करा. पलीकडून आक्षेप. मान्य."

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही. माझ्या शेजारी वडील उठून उभे राहिले होते, ताठ, परेडला राहतात तसे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. हे माझे सर, असं त्या मांडवातल्या प्रत्येकाला हाताला धरून सांगावंसं वाटत होतं. आजही वाटतं. आता मी शाळेत इतिहास शिकवते आणि माझ्या वर्गात एक खुर्ची रिकामी असते. मुलांनी कारण विचारलं की मी सगळं सांगते, अगदी अभिमानानं, कांद्याच्या जाळीपासून.

डॉक्टर त्या दिवशी मंचावर आले नाहीत. चपला घालून निघून गेले. पुढच्या रविवारी ओट्यावर येऊन बसतील असं आम्हांला वाटलं होतं. तेही नाही. भिंतीपलीकडेच बसले, फक्त आता भिंतीकडे तोंड करून. "सगळेच इकडे येऊन बसलो तर तिकडचं कोण सांगणार?" असं त्यांनी भिंतीवरूनच विचारलं आणि सरांना ते पटलं. चहा मात्र आता भिंतीवर ठेवला जायचा. दोन कप, दोन बाजूंनी उचलायचे.

मंडळानं नंतर भाषणं छापायला घेतली तेव्हा सरांचं भाषण त्यांच्याकडे तपासायला आलं. मी तिथेच होते. कार्यवाहांनी तो सगळा प्रसंग नीट छापला होता, एक अक्षर गाळलं नव्हतं. फक्त डॉक्टरांच्या बोलण्याआधी कंसात लिहिलं होतं, 'श्रोत्यांतून आवाज'. सरांनी चष्मा धोतराला पुसला, लाल पेन घेतलं, ते दोन शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'शेजाऱ्यांचा आवाज'. मग कागद माझ्याकडे दिला.

"भिंतीवरून दाखवून ये," म्हणाले. "त्यांचा काही आक्षेप असेल तर आत्ताच घेऊ दे."

मी कागद भिंतीवर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, घडी न करता परत दिला.

"आक्षेप नाही," ते म्हणाले.